कपाटाची किल्ली आधी मागून घ्या

पत्र

"आदरणीय मॅडम,
मी ३३ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात सहा वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करते. बी.लिब. झालं, आता एम.लिब.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय पंधरा दिवसांत द्यायचाय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ई-संसाधनांची किती माहिती आहे, हा विषय घ्या असं सर म्हणतात. प्रश्नावली तयार आहे, फक्त शंभर भरून आणायच्या. वर्गातल्या दोघी बाहेरून तयार प्रोजेक्ट करून घेणार आहेत, मलाही विचारलं. माझ्या मनात मात्र आमच्या वाचनालयातलं जुनं सागवानी कपाट आहे. त्यात शके घातलेली जुनी पुस्तकं आहेत, किती ते कुणालाच माहीत नाही. त्यावर काम करावंसं वाटतं, पण सर म्हणतात, याला मेथडॉलॉजी नाही. घरचे म्हणतात, सगळं गुगलवर मिळतं, एआय क्षणात उत्तर देतं, मग वर्गांक शिकून काय मिळणार? मानधनात भागत नाही ते वेगळंच. मी काय करू?
ता. क. : कपाटातल्या एका पुस्तकाला कव्हर नाही आणि पहिली आठ पानंही नाहीत. अशा पुस्तकाची नोंद करतात का? कशी?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा"

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी ताजा कलमाशी थांबले. विषय पंधरा दिवसांत द्यायचाय, पैशांची ओढाताण आहे, आणि तरी ज्या पुस्तकाला नावच उरलेलं नाही त्याचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडला. कपाटच घ्या. बाकी सगळं मी याच एका सल्ल्यासाठी लिहितेय.

तयार प्रोजेक्टचं आधी उरकते. घेऊ नका. वाङ्मयचौर्याविरुद्धचे यूजीसीचे २०१८ चे नियम पदव्युत्तर प्रबंधिकेलाही लागू आहेत. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर चालतं, दहा ते चाळीसच्या मध्ये आलं तर सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यायला लावतात, चाळीसच्या वर गेलं तर वर्षभर देता येत नाही आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण सॉफ्टवेअरमध्ये सापडलं नाही, तरी ते तोंडी परीक्षेत सापडतं. मी बरीच वर्षं अशा परीक्षांना परीक्षक म्हणून बसले आहे. "नोंदीतलं हे क्षेत्र, हा रकाना, तुम्ही रिकामा का ठेवलात?" एवढं विचारलं की कळतं. ज्यानं स्वतः काम केलंय तो लगेच बोलायला लागतो, बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात. ज्यानं विकत आणलंय तो सरांकडे बघतो.

आता सरांच्या विषयाबद्दल. वाचकांची पाहणी वाईट नसते. ज्या ग्रंथालयाला त्या उत्तरांवर काही बदल करायचा आहे, तिथे ती जरूर करावी. पण तुम्ही ज्या अभियांत्रिकी कॉलेजात जाल, तिथे तुम्ही काम करत नाही, तिथला एकही निर्णय तुमच्या हातात नाही. शंभर मुलं चहाच्या सुट्टीत खुणा करतील, तुम्ही टक्के काढाल आणि 'जागरूकता वाढवण्याची गरज आहे' असं शेवटच्या प्रकरणात लिहाल. हे मी अनुभवानं सांगतेय. माझ्या स्वतःच्या एम.लिब.ला मी दीडशे प्रश्नावल्या वाटल्या होत्या. बहुतेक वाचक सेवेबद्दल समाधानी आहेत, असा माझा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ज्या ग्रंथालयात मी त्या वाटल्या, तिथे रंगकाम निघालं. कोपऱ्यातली जुनी मासिकं आणि काही बांधीव खंड पोत्यांत भरून रद्दीला गेले. चार पोती होती, हातगाडीवर जाताना मी पाहिली. नंतर कुणीतरी विचारलं, त्यात काय काय होतं? कुणालाच सांगता आलं नाही, कारण यादीच नव्हती. मी तिथे सहा महिने रोज जात होते, हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन. यादी मला करता आली असती. ती सल अजून आहे आणि म्हणूनच तुमच्या कपाटाबद्दल मी इतक्या आग्रहानं बोलतेय.

मात्र सरांचं म्हणणं झटकून टाकू नका. नुसती यादी म्हणजे संशोधन नाही, हे त्यांचं बरोबरच आहे. यादीला प्रश्न जोडा म्हणजे मेथडॉलॉजी आपोआप येते. शंकर गणेश दाते यांनी मराठी छापील पुस्तकांची सूची केली. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळाचा आहे आणि पुढचा १९३८ ते १९५० चा. पुण्यामुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत ती पाहायला मिळते. तेव्हा तुमच्या कामाची सीमा १९५० ठेवा आणि सरांपुढे तीन प्रश्न मांडा. या कपाटातली किती पुस्तकं दाते सूचीत सापडतात आणि किती सापडत नाहीत? एकाच लेखकाचं नाव या पुस्तकांवर किती वेगवेगळ्या रूपांत छापलंय, आणि त्यामुळे शोधताना किती पुस्तकं हाती लागत नाहीत? ही पुस्तकं वाचनालयात आली कुठून, विकत की देणगी, आणि कोणत्या दशकात जास्त आली? पहिल्याला तुलना लागते, दुसऱ्याला मोजणी, तिसऱ्याला दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं उतरवलेली वही. तक्ते येतील, टक्के येतील, मर्यादा लिहिता येतील. एक पान टाइप करून, नमुन्याच्या दहा नोंदी जोडून सरांच्या टेबलावर ठेवा. नमुना हातात आला की गाईडचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दात्यांच्या सूचीत नसलेलं एखादं पुस्तक तुमच्या कपाटात निघालं, तर त्याचा अर्थ फार घाई न करता लावा. कदाचित ती दुसरी आवृत्ती असेल, कदाचित नाव वेगळं पडलं असेल. पण खरोखरच नसेल, तर तुमची नोंद मराठी छपाईच्या इतिहासात भर घालते. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालानं घातलेली भर. मला हे फार मोठं वाटतं.

तेव्हा आधी किल्ली. अशा कपाटांची किल्ली बहुधा कार्यवाहांकडे किंवा एखाद्या जुन्या विश्वस्तांच्या घरी असते. तोंडी परवानगीवर काम सुरू करू नका. कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव करून घ्या, त्यात पुस्तकं वाचनालयाबाहेर जाणार नाहीत हे स्पष्ट लिहा आणि उघडताना कुणीतरी दुसरं बरोबर असू द्या. हे तुमच्या संरक्षणासाठी आहे. उद्या एखादं पुस्तक सापडलं नाही, तर बोट तुमच्याकडे जायला नको. उघडल्यावर लगेच झटकायला घेऊ नका. तोंडाला मास्क लावा, मऊ कोरडा ब्रश घ्या आणि पुस्तक मिटलेलं ठेवूनच कडा साफ करा. कसर लागलेली पुस्तकं वेगळ्या खोक्यात काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावण्याचा मोह होईल, लावू नका. ती पट्टी काही वर्षांनी तपकिरी होते आणि कागद घेऊनच निघते.

नोंदी सुरू करण्याआधी दोन दिवस एका गोष्टीवर घालवा. तुमचे स्वतःचे नियम एका पानावर लिहून काढा. अभ्यासक्रमात हे सगळं शिकवतात, पण इंग्रजी पुस्तकांच्या उदाहरणांनी, आणि मराठी पुस्तक हातात आलं की माणूस अडतो.

पहिली अडचण वर्षाची. मुखपृष्ठावर 'माघ, शके १८२९' असेल. ७८ मिळवले की १९०७ येतं, आणि बरेच जण तेच लिहून मोकळे होतात. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. माघ येतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणून इथे ७९ मिळवायचे, १९०८. पौषात तारीखही बघावी लागते. महिना दिलाच नसेल तर दोन्ही वर्षं लिहा, १९०७ किंवा १९०८. छापलेला शक जसाच्या तसा, इसवी सन चौकोनी कंसात. हा कंस म्हणजे ग्रंथपालानं दिलेली कबुली असते की हे पुस्तकावर नाही, मी काढलंय.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ चे नियम येण्याआधीचं मराठी म्हणजे अनुस्वारांचं मराठी. 'कांहीं', 'नांव', 'गाणीं'. शीर्षक पुस्तकावर आहे तसंच लिहायचं, एकही टिंब गाळायचं नाही. पण आजचा वाचक 'काही' असं टाइप करून शोधणार, त्याला पुस्तक सापडलं पाहिजे. मार्कच्या, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या, साच्यात २४५ हे शीर्षकाचं क्षेत्र आहे आणि २४६ हे त्याच शीर्षकाच्या वेगळ्या रूपांचं. तिथे आजच्या लेखनातलं शीर्षक घाला. प्रत्येक नोंदीला जेमतेम अर्धं मिनिट जास्त लागतं. हे न केल्यामुळे कॅटलॉगमध्ये असूनही न सापडणारी पुस्तकं मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

तिसरी अडचण संगणकाची. वाचनालयाची जुनी यादी कुणी डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल, तर ती युनिकोडमध्ये आणल्याशिवाय उपयोग नाही. दुसऱ्या संगणकावर तिची नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'ॲ' हे अक्षर एकसंध टाइप होतं, तसंच 'अ'वर चंद्र देऊनही होतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला वेगळी. 'दऱ्या'तल्या अर्ध्या र चंही तसंच. एकच पद्धत ठरवा, नियमपत्रकात लिहा आणि शेवटी सगळा डेटा एकदा त्यासाठी तपासा.

आणि चौथी, सगळ्यांत रसाळ, नावांची. जुन्या मुखपृष्ठावर लेखक नुसता येत नाही. 'रा. रा.' येतं, पदव्या येतात, 'यांनी रचिलें' येतं. त्यातलं नाव कोणतं आणि मान कोणता, ते वेगळं करावं लागतं. मग टोपणनावं. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःच्या नावानं आणि कवितेत गोविंदाग्रज म्हणून. आता स्त्रियांकडे बघा. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि माहेरच्या बाळूताई खरे. एकाच बाईची तीन नावं. शोधणाऱ्यानं यातलं कुठलंही एक टाइप केलं, तरी तिची सगळी पुस्तकं एकत्र समोर आली पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक लेखकाचं एक प्रमाण रूप ठरवायचं आणि बाकीची रूपं त्याला जोडायची. ही ऑथॉरिटी फाइल म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचा कणा. मराठीत हे काम अजून फार थोडं झालंय. तुमच्या दोन-अडीचशे लेखकांची फाइल नीट झाली, तर शेजारच्या तालुक्यातलं वाचनालय ती जशीच्या तशी घेऊ शकेल.

नावांबरोबर जन्म-मृत्यूची वर्षंही शोधा. वर्गात हे शोभेसाठी असल्यासारखं शिकवतात, पण त्यातून एक अत्यंत व्यवहारी गोष्ट ठरते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांची पुस्तकं बिनधास्त स्कॅन करून सर्वांना देता येतील. मालतीबाई २००१ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचं १९३३ चं पुस्तकही २०६१ संपेपर्यंत हक्काखाली आहे. पुस्तक किती जुनं दिसतंय यावर ठरवलं तर चूक होते. पुढे कधी डिजिटायझेशनसाठी कुणी निधी द्यायला आलं, तर 'यातली कोणती पुस्तकं मोकळी आहेत?' हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. कोहा घ्या. फुकट आहे, मराठी नीट घेतं, आणि न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठीच ते १९९९ मध्ये लिहायला घेतलं होतं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण 'कोहाची अंमलबजावणी' हा विषय म्हणून देऊ नका. ते भांडं आहे. आत काय शिजतंय, ते महत्त्वाचं. कोहा बसवणं जमलं नाही, तर सुरुवातीला एक्सेलमध्ये त्याच क्षेत्रांचे स्तंभ करून भरा, नंतर आत घेता येतं.

घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. वर्गांक, म्हणजे विषयावरून पुस्तकाची फळीवरची जागा ठरवणारा अंक, शिकून काय मिळणार?

तुमच्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या निदान दोन-तीन प्रती असणारच. ड्युई दशांश पद्धतीत तिला कुठे बसवाल? मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६ आणि मराठी काव्य ८९१.४६१. ओवीबद्ध आहे, मराठीतल्या थोर काव्यांपैकी आहे, तेव्हा तिथे ठेवता येईल. पण ती भगवद्गीतेवरची टीका आहे, आणि गीतेचा अंक २९४.५९२४. तिथेही ठेवता येईल. पुस्तक एक, जागा दोन, फळी मात्र एकच मिळणार. आता तुमच्या वाचनालयात ज्ञानेश्वरी कोण मागतं ते आठवा. वारीला जाणारी, पारायणाला बसणारी माणसं असतील, तर तिच्या शेजारी गीता, हरिपाठ, संतचरित्रं असायला हवीत. कॉलेजच्या ग्रंथालयात एम.ए. मराठीची मुलं येत असतील, तर शेजारी नामदेव-तुकारामांच्या अभंगांची संपादनं हवीत. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं आहे. हा निर्णय घेणं म्हणजे वर्गीकरण. अंक पाठ करणं हा त्याचा सगळ्यांत छोटा भाग.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. ड्युईंनी १८७६ मध्ये पद्धत काढली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन कॉलेजचं ग्रंथालय होतं. धर्माच्या दोनशेच्या वर्गात २२० पासून २८० पर्यंतची घरं ख्रिस्ती धर्माला गेली आणि आपला सगळा पसारा २९४.५ च्या मागच्या दशांशांत दाटीनं बसला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांना हे खुपलं. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, शिकायला लंडनला गेला, आणि तिथल्या एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहताना त्याला सुचलं की विषयांची घरं आधीपासून बांधून ठेवायची कशाला, सुटे भाग द्यावेत आणि हवा तो विषय जोडून घ्यावा. त्यातून १९३३ मध्ये कोलन ही वर्गीकरणाची पद्धत आली. आज फळीवर ती फार थोड्या ठिकाणी दिसते. पण विषय पाच अंगांनी उलगडायची तिची सवय, म्हणजे मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ, ही तुम्हाला जन्मभर पुरेल. संदर्भसेवेच्या टेबलावर एखादा शेतकरी येऊन 'उसाचं काहीतरी द्या' म्हणतो, तेव्हा आपण हेच करतो. उसाचं म्हणजे रोगाचं की खताचं? लागणीचा की खोडवा? आपल्याच भागातलं हवं का? ताजं हवं की जुनंही चालेल? गुगलनं हे प्रश्न त्याला विचारले नव्हते, म्हणून तो तुमच्याकडे आला.

एआयचं म्हणाल, तर टंकलेखन तपासायला, तक्ते लावायला वापरा. पण एका बाबतीत हट्ट धरा. नोंदीतलं प्रत्येक वर्ष, प्रत्येक छापखाना, प्रत्येक नाव हातातल्या पानावरून किंवा छापील सूचीवरून आलेलं असलं पाहिजे. जुन्या, अप्रसिद्ध मराठी पुस्तकाबद्दल विचारलं तर ही साधनं न अडखळता सन सांगतात आणि ते खोटं असू शकतं. एकदा असं वर्ष कॅटलॉगमध्ये शिरलं, की पुढचे दहा जण तुमचा कॅटलॉग पुरावा म्हणून देतील.

वेळेचा हिशेब आत्ताच करा. कपाटात किती पुस्तकं आहेत ते आधी मोजा, एका रविवारचं काम आहे. सुरुवातीला दिवसाला सात-आठ नोंदी होतील, हात बसल्यावर पंधरा. वाचनालयाची वेळ सांभाळून आठवड्याचे चार दिवस धरले, तर तीनशे पुस्तकांना दोन ते अडीच महिने जातील. नावांना आणि दाते सूचीशी ताडून पाहायला आणखी दीड महिना, लिहायला एक. पुस्तकं तीनशेहून जास्त निघाली तर सीमा मागे ओढा, १९२० पर्यंतचीच घ्या. अर्धवट मोठ्या यादीपेक्षा पूर्ण झालेली छोटी यादी वाचनालयाच्या उपयोगाची. कपाटात दिवाळी अंक असतील तर त्यांना या खेपेला हात लावू नका, लेख-लेखकांच्या निर्देशसूचीचा तो वेगळा आणि मोठा विषय आहे. सातारा भागातली, सातारच्या लेखकांची किंवा सातारच्या छापखान्यात छापलेली पुस्तकं निघाली, तर ती मात्र वेगळी खूण करून ठेवा. ती इतरत्र मिळण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

मानधनाबद्दल मी खोटा दिलासा देणार नाही. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाल्यामुळे गावोगावी वाचनालयं उभी राहिली आणि टिकली, पण त्यांचा डोलारा अनुदानावर आहे आणि त्यात ग्रंथपालाच्या वाट्याला जे येतं त्यात घर चालत नाही. हे चुकीचं आहे, आणि वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे तुमच्यापुरता रस्ता आखून ठेवा. एम.लिब.ला ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ नका आणि निकालाची वाट न पाहता सेट-नेट या पात्रता परीक्षांचा अर्ज भरा. कॉलेजातल्या जागेला दोन्ही लागतं, आणि जागा निघेल तेव्हा पात्रता हातात हवी. जागा सावकाश निघतात, तेही खरं. पण जुन्या संग्रहांचं डिजिटायझेशन, वृत्तपत्रांचे आणि संस्थांचे संग्रह, प्रकाशकांची ग्रंथमाहिती, अशा ठिकाणी देवनागरी नोंद बिनचूक करणारी माणसं हवी असतात आणि सहज मिळत नाहीत. मुलाखतीला जाताना शंभर प्रश्नावल्यांचे टक्के नेण्याऐवजी तीनशे पुस्तकांचा चालू कॅटलॉग उघडून दाखवलात, तर बोलणं वेगळ्या पायरीवर सुरू होईल.

आता तुमचं बिनकव्हरचं पुस्तक.

नोंद करतात, आणि जरा धीर धरला तर नावही सापडतं. पुस्तक हळूच उघडा आणि मधली पानं बघा. आपल्या जुन्या ग्रंथालयांत एक गुप्तपान ठरलेलं असायचं. कुठे एकवीस, कुठे पन्नास, कुठे एकशे एक. कव्हर किंवा पहिलं पान फाडून नेलं तरी पुस्तक आपलं आहे हे कळावं, म्हणून त्या पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक टाकत. तुमच्या वाचनालयाचं गुप्तपान कोणतं ते शेजारच्या चार धडधाकट पुस्तकांत पाहून ओळखा. क्रमांक मिळाला की जुनी दाखल नोंदवही काढा. त्या क्रमांकासमोर नाव, लेखक, किंमत आणि कुणाकडून आलं ते लिहिलेलं असेल. बहुधा बोरूच्या नाहीतर टाकाच्या अक्षरात, आणि किंमत आण्यांत.

नोंदवही गेली असेल, तर पानांच्या वरच्या पट्टीत पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव छापलंय का ते बघा. नसेल तर खालची कड बघा. सलग आठ पानं गेली आहेत म्हणजे पहिल्या फॉर्म्याची, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडीची, शिवण सुटली असणार, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. कधीकधी त्या आकड्याशेजारी पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षरही असतं, बांधणाऱ्यानं दुसऱ्याच पुस्तकाचा फॉर्मा शिवू नये म्हणून. शेवटच्या पानावर छापखाना मिळू शकतो. छापखाना आणि साधारण काळ कळला, तर १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात दर तिमाहीला निघणाऱ्या पुस्तकांच्या याद्यांमध्ये शोधता येईल. त्यांत पानांची संख्याही दिलेली असते, ती तुमच्या शेवटच्या पानाच्या आकड्याशी जुळवून बघा.

यातलं काहीच मिळालं नाही, तर विषयावरून तुम्हीच एक साधं शीर्षक द्या, चौकोनी कंसात. टीपेच्या क्षेत्रात लिहा की पृष्ठे १ ते ८ नाहीत, आणि मजकूर जिथून सुरू होतो ती पहिली ओळ अनुस्वारांसकट उतरवा. दुसऱ्या कुठल्या गावी याच पुस्तकाची धड प्रत कुणाच्या हाती असेल, तर त्या ओळीवरून दोन्ही पुस्तकं एकमेकांना सापडतील.

गुप्तपानावरचा क्रमांक मिळाला, की मला जरूर कळवा.